मद्यासक्त मोटारचालक : शिक्षा की उपचार?

मद्यप्राशन करून मोटार हाकणाऱ्यास शिक्षा द्यावयाची ती मुख्यतः जरब बसावी म्हणून. परंतु ज्याची इच्छाशक्तीच व्यसनाने दुबळी झाली आहे, तो शिक्षेच्या भयाने परावृत्त होईल असे मानणे कितपत युक्त आहे? कॅनडाच्या फौजदारी कायद्याने या प्रश्नास दोन निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

जुने उपकलम २५५(५) ज्या प्रांतांत अमलात होते, तेथे उपचाराची गरज सिद्ध झाल्यास न्यायालय दोषसिद्धीची नोंद न करता, उपचार घेण्याच्या अटीवर, अपराध्यास मुक्त करू शके. डिसेंबर २०१८ पासून त्याऐवजी कलम ३२०.२३ आले. त्यानुसार दोषनिर्णय कायम राहतो. लांबणीवर पडते ती केवळ शिक्षा. त्यासाठी सरकारी अभियोक्ता व अपराधी या दोघांचीही संमती लागते. उपचारक्रम प्रांताने मान्य केलेला असावा लागतो. आणि दरम्यान वाहन चालविण्यास मनाई असते. इजा वा मृत्यू घडविल्याच्या अपराधास ही सवलत नाही. उपचार यशस्वी रीतीने पुरा झाल्यास, दुसऱ्या अपराधास ३० व तिसऱ्यास १२० दिवसांच्या कारावासाची जी किमान शिक्षा विहित आहे, ती देणे न्यायालयावर बंधनकारक राहत नाही. मात्र दोषसिद्धी टळत नाही.

सारांश, व्यसनास रोग मानूनही अपराध हा अपराधच राहतो, ही भूमिका तर्कशुद्ध होय. तथापि प्रांताने उपचारक्रम मान्यच केला नसेल, तर तेथील अपराध्यास हा मार्ग बंदच राहणार. समान अपराधास असमान न्याय, ही या योजनेतील खरी उणीव होय. आणि ती दूर करणे न्यायाधीशांच्या नव्हे, तर प्रांतिक शासनांच्या हाती आहे.