विद्यापीठातील पदे आणि इमारती

साकीनाक्याहून विमानतळाला वळसा घातला की कालिना येते. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाची विद्यानगरी येथेच वसली आहे. तेथे नवी इमारत बांधावयाची वा नवे अध्यापकपद निर्माण करावयाचे, तर प्रस्ताव व्यवस्थापन परिषदेपुढे येतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ अन्वये कुलगुरू या परिषदेचे अध्यक्ष असतात.

परिषदेचा ठराव झाला म्हणजे नेमणूक झाली, हा समज मात्र बरोबर नाही. वेतनाचा भार शासनावर पडणार असेल, तर नव्या पदास शासनाची पूर्वमान्यता लागते. त्यानंतर आरक्षणाच्या बिंदुनामावलीची तपासणी, जाहिरात, निवड समितीपुढील मुलाखती असा क्रम असतो. समितीच्या शिफारशीवरून कुलगुरू नेमणूक करतात.

इमारतीची वाट निराळी. नकाशे मंजूर व्हावे लागतात, विमानतळ शेजारीच असल्याने उंचीलाही परवानगी लागते, आणि अखेरीस भोगवटा प्रमाणपत्र.

दोन्ही नस्त्या स्वतंत्रपणे चालतात आणि अडचण उद्भवते ती येथेच. शाळाखोली आधी व शिक्षक मागाहून, हा अनुभव पंचायत सदस्यांनाही नवा नसावा. प्रयोगशाळा उभी राहते, पद रिक्त राहते; आणि साकीनाक्याहून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे वर्ग तोवर तासिका तत्त्वावरील अध्यापक घेतात.