जिन्याखालच्या संडासात कमोड बसवताय? आधी डोक्यावरची जागा मोजा, मग भांडं आणा

घरातल्या आजीचे गुडघे दुखायला लागले की विषय निघतोच, "आता कमोड बसवून टाकू." शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या गावांत बऱ्याच घरांचा संडास जिन्याखाली किंवा पोटमाळ्याखाली असतो. कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या इमारतींत संडासावर माळा असतो आणि माळ्यावर पाण्याची टाकी. दोन्हीकडे अडचण एकच, डोक्यावर जागा नाही. घाईत कमोड बसवला तर म्हातारं माणूस बसतं नीट, पण उठताना डोकं आपटतं. तोल गेला की खुब्याचं हाड मोडायला वेळ लागत नाही. म्हणून दुकानात जायच्या आधी टेप घ्या.

उंची कुठे मोजायची?

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार संडासाची उंची फरशीपासून छतापर्यंत किमान २.१ मीटर, म्हणजे सुमारे सात फूट हवी. जुन्या बांधकामात ती नसते. मग निदान कमोडच्या पुढे, जिथे माणूस उठून उभा राहतो, तिथे घरातल्या सगळ्यात उंच माणसाच्या डोक्यावर चार बोटं जागा राहिली पाहिजे. कमोडवर बसलेल्या माणसाचं डोकं फरशीपासून साधारण सव्वाचार फुटांवर येतं. त्यामुळे मागची बाजू बुटकी असली तरी चालते. जिन्याचा उतार जिथे खाली येतो, तिकडे कमोडची पाठ करा आणि तोंड उंच बाजूला ठेवा. पुढे किमान दीड-दोन फूट मोकळी जागा सोडा. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत १५ इंच मिळाले तर हात-पाय अवघडत नाहीत.

ओटा काढला की फूटभर उंची मिळते

भारतीय भांडं आणि त्याखालचा ट्रॅप यांना मिळून दीड फुटाच्या आसपास खोली लागते. तळमजल्यावर तेवढं खणायचं टाळून मिस्त्री ओटा बांधतात आणि भांडं त्यात बसवतात. समजा, छत साडेसहा फुटांवर आहे आणि ओटा एक फुटाचा. म्हणजे उभं राहायला उरले साडेपाच फूट.

कमोडचा ट्रॅप त्याच्या पोटातच असतो, त्याला ओटा लागत नाही. तरीही खर्च वाचवायला कमोड ओट्यावरच बसवला जातो, आणि सगळा त्रास तिथेच होतो. ओटा फोडून कमोड मूळ फरशीवर घेतला तर फूटभर उंची परत मिळते, शिवाय म्हाताऱ्यांची पायरीही वाचते.

पण फोडण्याआधी बाहेरचा चेंबर उघडून पाइपाची पातळी बघा. मैल्याच्या चार इंची पाइपाला दर फुटाला साधारण पाव इंच उतार हवा. पाइप मागच्या भिंतीतून बाहेर जात असेल तर पी-ट्रॅपचा कमोड घ्या. त्याचं तोंड तयार फरशीपासून सुमारे सात इंचांवर असतं, म्हणून भिंतीतला पाइप त्याहून वर असेल तर तो खाली घ्यावा लागेल. पाइप फरशीत खाली जात असेल तर एस-ट्रॅप. त्यासाठी टाइल लावलेल्या भिंतीपासून पाइपाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि तो आकडा दुकानदाराला सांगा. चेंबरच फरशीच्या वर असेल तर ओटा पूर्ण काढता येणार नाही, जेवढा उतार मिळेल तेवढाच कमी करा.

जुना ट्रॅप खाली ठेवू नका

भांडं काढलं, पण त्याखालचा जुना ट्रॅप तसाच ठेवून वर कमोड बसवला, ही नेहमीची चूक. एका लाइनीत दोन ट्रॅप झाले की मध्ये हवा अडकते, पाणी रेंगाळतं आणि वारंवार तुंबतं. जुना ट्रॅप काढायलाच लावा. काम चालू असताना पाइपाच्या तोंडात गोणपाटाचा बोळा घाला, नाहीतर राडारोडा आत जातो आणि टाकीतला वायू घरात येतो. सेप्टिक टाकीत कुणालाही उतरवू नका. आतल्या विषारी वायूने जीव जातो.

कमोडच्या बुडाशी पांढरं सिमेंट किंवा सिलिकॉन भरा, काँक्रीटमध्ये पुरू नका. पुढे काढायची वेळ आली तर भांडं फुटतं. बसवल्यावर एक दिवस तरी वापरू नका.

डोंबिवलीच्या इमारतीत काय?

इथे छत बुटकं असण्याचं कारण बहुतेक वेळा वरच्या मजल्याचा खाली घेतलेला स्लॅब असतो. त्यात त्यांचे पाइप असतात, त्यामुळे त्याला हात लावू नका आणि भोकंही पाडू नका. उंची मिळवायची तर आधी डोक्यावरची जुनी फ्लशची टाकी काढा आणि सीटमागे बसणारी बुटकी टाकी लावा. माळ्यावरचं पाणी दुसरीकडे हलवता येतं का बघा. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो वजन, तेही डोक्यावर.

फरशी फोडणार असाल तर सोसायटीला लेखी कळवा आणि खालच्या घरी सांगून ठेवा. वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल लावण्याआधी दोन दिवस पाणी भरून ठेवा. खाली ओल आली नाही तरच पुढचं काम.

शोषखड्डा असेल तर

स्वच्छ भारत मिशनच्या १२,००० रुपयांच्या अनुदानातून बांधलेल्या दोन खड्ड्यांच्या संडासात तीव्र उताराचं भांडं असतं. त्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं. कमोडला पूर्ण फ्लशमध्ये सहा लिटरच्या आसपास जातं. पावसाळ्यात जमीन आधीच भिजलेली असते, त्यात खड्डा लवकर भरतो. म्हणून तीन-सहा लिटरची दोन बटणांची टाकीच घ्या आणि लहान बटण वापरायची सवय लावा.

जाता जाता

दार बाहेर उघडणारं करा. आत माणूस पडला आणि दार आत उघडणारं असलं, तर त्याच्याच अंगाने ते अडतं. कडी बाहेरूनही उघडेल अशी लावा. उठताना धरायला भिंतीत पक्का दांडा बसवा.

भाड्याची खोली असेल किंवा फोडाफोड शक्यच नसेल, तर भारतीय भांड्यावर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते. पण ती ओट्यावर नीट टेकते का आणि हलते का, हे आधी स्वतः बसून बघा. नंतरच आजीला बसवा.