भीती वाटली, म्हणून कॉलेज सुटायला नको

दिनांक २७ जून २०२३. पुण्याच्या सदाशिव पेठेत सकाळच्या वर्दळीत एका कॉलेजच्या मुलीवर एका तरुणाने कोयत्याने हल्ला केला. मुलगी मित्राबरोबर दुचाकीवरून चालली होती. हल्लेखोर तिच्या ओळखीचाच होता. तिने त्याला नकार दिला होता, एवढाच तिचा गुन्हा. जीव मुठीत धरून ती भर रस्त्यातून पळत सुटली. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा लेशपाल जवळगे हा तरुण मध्ये पडला, त्याने हल्लेखोराला अडवले, आणखी तरुण धावून आले आणि मुलीचा जीव वाचला. पेरूगेट पोलिस चौकी तिथून जवळच होती. तिथे वेळेवर कोणी हजर नव्हते, म्हणून पुढे तीन पोलिसांना निलंबित करण्यात आले.

हल्लेखोर पकडला गेला. वर्तमानपत्रांना दुसऱ्या बातम्या मिळाल्या. पण भीती काही बातमीबरोबर जात नाही. सदाशिव पेठ म्हणजे क्लास, अभ्यासिका, खानावळी आणि कॉट घेऊन राहणाऱ्या मुलामुलींचा भाग. त्याच महिन्यात राजगडाच्या पायथ्याशी, स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झालेल्या एका मुलीचा खून उघडकीला आला होता. गावाकडे ज्या आईने दागिना मोडून मुलीला पुण्याला धाडले, तिच्या जिवाचे काय झाले असेल? "बॅग भर आणि घरी ये," हेच शब्द तिच्या तोंडी आले तर नवल नाही.

अशी घटना उद्या कुठल्याही कॉलेजच्या रस्त्यावर घडू शकते. घडली तर घरातल्यांनी काय करावे, मुलीशी काय बोलावे, याचा विचार आधीच केलेला बरा.

भीती म्हणजे दुबळेपणा नव्हे

घटना डोळ्यांनी पाहिलेली मुलगी तर घाबरतेच. पण त्याच कॉलेजात शिकणारी, त्याच रस्त्याने जाणारी मुलगीही घाबरते. रात्री झोप लागत नाही. मागून गाडीचा आवाज आला तरी छातीत धडधडते. जेवण जात नाही, पुस्तक उघडले की अक्षरे डोक्यात शिरत नाहीत. कोणी उगाच चिडते, कोणी गप्प होते. हे वेड नव्हे आणि नाटकही नव्हे. धोका दिसला की पळायला किंवा झुंजायला शरीर तयार होते. धोका टळल्यावरही ते काही दिवस सावधच राहते.

अशा वेळी "एवढं काय घाबरायचं?" असे म्हणू नये. "काय काय पाहिलंस ते पहिल्यापासून सांग," असा तगादाही लावू नये. तिला बोलायचे असेल तेव्हा ऐकावे, नसेल तर नुसते जवळ बसावे. गरम जेवण, वेळेवर झोप आणि घरातली रोजची कामे यांनी मन थाऱ्यावर यायला मदत होते. हल्ल्याची चित्रफीत मोबाईलवर पुन्हा पुन्हा पाहू नये आणि पुढे पाठवू नये. पुण्याच्या घटनेची दृश्ये कॅमेऱ्यात टिपली गेली आणि घरोघरी पाहिली गेली. प्रत्येक वेळी पाहताना मनाला तोच मार पुन्हा बसतो. जिच्यावर हल्ला झाला तिची तर त्यात विटंबनाच होते.

बहुतेकांची भीती काही आठवड्यांत ओसरते. महिना उलटला तरी झोप नाही, तीच दृश्ये डोळ्यांपुढे येतात, मुलगी घराबाहेर पडत नाही, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलते, तर थांबू नये. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा असेल तर त्याच दिवशी तिला दवाखान्यात न्यावे. सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांचे डॉक्टर भेटतात. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो आणि तिथे मराठीत बोलता येते. ताप आल्यावर डॉक्टरकडे जायची लाज वाटत नाही, मग मनाच्या दुखण्याची का वाटावी?

'उद्यापासून जायचं नाही'

आता आईबापांच्या भीतीबद्दल. बाप पाळीवर, आई चार घरची कामे करून दमलेली. मुलीला आणायला-सोडायला घरात कोणी मोकळे नाही. अशा घरात बातमी येते आणि निकाल लागतो : "उद्यापासून कॉलेज बंद. एखादं स्थळ बघू." हा निकाल मायेपोटीच दिला जातो हे खरे. पण त्याचा परिणाम काय होतो ते पाहा.

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे ३ फेब्रुवारी २०२० रोजी सकाळी कॉलेजला शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला नंदोरी चौकात पेट्रोल टाकून पेटवण्यात आले. आठवडाभर झुंज देऊन १० फेब्रुवारीला नागपूरच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ रोजी, न्यायालयाने आरोपीला जन्मठेप दिली. हा आरोपीही अनोळखी नव्हता, तिच्या गावातलाच होता. पुण्यातला हल्लेखोरही ओळखीचाच.

म्हणजे या दोन्ही ठिकाणी धोका अंधारातून अचानक उडी मारून आला नाही. असे प्रकार पुष्कळदा आधी पाठलाग, फोन, धमक्या अशा पायऱ्यांनी वाढत जातात. पहिल्या पायरीलाच मुलीने घरी सांगितले तर काही करता येते. पण ती सांगेल केव्हा? सांगितले तर आपले शिक्षण बंद होणार, हे तिला ठाऊक असेल तर ती ओठ शिवून बसेल. एकटीच मार्ग बदलेल, फोन बंद ठेवेल, सहन करील आणि धोका वाढत राहील. मुलीला घरात बसवून आपण तिला सुरक्षित करतो असे वाटते. प्रत्यक्षात तिच्या धाकट्या बहिणीलाही आपण गप्प बसायला शिकवतो.

म्हणून आजच, काही घडण्याच्या आधी, मुलीला जवळ बसवून शब्द द्या : "कोणी त्रास दिला तर पहिल्या दिवशी मला सांग. मी तुला दोष देणार नाही आणि तुझं कॉलेज बंद करणार नाही." हा शब्द बापानेही द्यावा, भावानेही द्यावा. आणि तो पाळावा.

पुन्हा त्याच रस्त्याने

घटना घडून गेल्यावर मुलीला त्या रस्त्याने जाववत नाही. चार दिवस विसावा घेतला तर हरकत नाही. पण जितके दिवस टाळावे तितकी भीती मोठी होते. एकदम ढकलूही नये. पहिल्या दिवशी आई, मावशी किंवा मैत्रीण बरोबर जाऊन फाटकापर्यंत पोचवून येते. मग एक तास बसायचे, मग पूर्ण दिवस. पुढे दोघी-तिघी मैत्रिणींनी मिळून जायचे. छातीत धडधडले तर जागीच थांबून श्वास सावकाश सोडायचा, पायाखालची जमीन जाणवू द्यायची. लाट येते तशी ती ओसरते.

मज्झिम निकायातल्या भयभेरव सुत्तात भगवान बुद्धांनी स्वतःच्या भीतीबद्दल सांगितले आहे. संबोधीपूर्वी रात्री अरण्यात असताना भीती आली, तर चालताना आली असता चालतच आणि बसलेले असताना आली असता बसूनच त्यांनी तिच्यावर मात केली. ती जाईपर्यंत त्यांनी स्थिती बदलली नाही. भीती वाटलीच नाही, असे ते म्हणत नाहीत. आपल्या मुलींना हेच सांगायला हवे.

अरण्यात ते एकटे होते. आपल्या मुलीला मात्र एकटे ठेवायचे कारण नाही. वस्तीतल्या महिला मंडळाने विहारात एक बैठक घ्यावी. कोणत्या मुली कोणत्या वेळेला कॉलेजला जातात, कोणत्या बसने येतात, याची यादी करावी आणि सोबतीची जोडणी लावावी. बंद पडलेला दिवा, निर्जन गल्ली, दारूचा गुत्ता यांबद्दल नगरसेवकाला आणि पोलिस ठाण्याला सह्यांचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

तक्रार कुठे आणि कशी

मुलीने स्पष्ट नकार दिल्यावरही तिच्या मागे लागणे, फोन-मेसेज करीत राहणे हा २०१३ पासून गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतो. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार कोणत्याही पोलिस ठाण्यात नोंदवता येते. "आमची हद्द नाही" हे उत्तर ऐकून परत येऊ नका. मुलीची फिर्याद महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. मेसेज पुसू नका. तारीख, वेळ, जागा वहीत लिहून ठेवा.

कॉलेजातही अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. तिच्यावर कोण आहेत ते प्राचार्यांना विचारा. तातडीच्या वेळी ११२ फिरवा. वकिलाला पैसे नाहीत म्हणून घाबरू नका. स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्याचा क्रमांक १५१०० आहे.

मुलग्यांच्या आईबापांना

कोयता घेणारा हातही कोणाच्या तरी घरातलाच असतो. "ती नाही म्हणाली म्हणजे विषय संपला," हे मुलाला कोणी सांगितले आहे का? सिनेमात मागे लागलेल्या नायकाला शेवटी नायिका हो म्हणते. खऱ्या आयुष्यात मागे लागणाऱ्याला तुरुंग मिळतो आणि एका मुलीचे आयुष्य उद्ध्वस्त होते. मुलगा नकार पचवू शकत नाही असे दिसले, तर त्याच्याशीही बोला, त्यालाही डॉक्टरकडे न्या.

आणि रस्त्यावरच्या आपण सर्वांनी? प्रत्येकाला हत्यार धरलेला हात अडवता येईल असे नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये. पण आरडाओरडा करून माणसे गोळा करता येतात, दुकानदाराला शटर उघडे ठेवून मुलीला आत घेता येते, ११२ फिरवता येतो. सदाशिव पेठेतली मुलगी वाचली, कारण काही जण नुसते पाहत उभे राहिले नाहीत.

उद्या सकाळी तुमची मुलगी दप्तर घेऊन निघेल तेव्हा तुमच्या पोटात कालवेल. कालवू द्या. ती किती वाजता परतणार ते विचारा, बरोबर कोण आहे ते विचारा, आणि तिला जाऊ द्या.