कुंपणाची तार आणि क्लॅम्पवरचा आळ

तुरी-हरभरा निघाला, नांगरटी उरकल्या की परभणी जिल्ह्यात कुंपणाची कामं निघतात. रान मोकळं असतं, बांधापर्यंत ट्रॅक्टर जातो, गडीही मिळतात. पुढच्या वर्षी तक्रारी मात्र ठरलेल्या: तार ढिली पडली, जाळीला पोट आलं, नाहीतर तार टोकाशी तुटली. तिन्हींचा आळ क्लॅम्पवर येतो आणि दुकानात जाऊन आणखी जड, आणखी दातेरी क्लॅम्प विकत घेतला जातो. खरं म्हणजे या तिन्हींत क्लॅम्पचा थेट दोष एकाच तक्रारीत असतो, टोकाशी तुटलेल्या तारेत. आणि तो दोष बहुतेक वेळा त्या दातेरी क्लॅम्पनेच केलेला असतो.

आधी एक गोष्ट वेगळी करून घेऊ. क्लॅम्प म्हणून आपण दोन निरनिराळ्या वस्तू मागतो. एक, तार ओढताना तिला धरणारा. काम झालं की तो सुटतो आणि पुढच्या तारेला लागतो. दुसरा, टोक बांधून तारेवर कायम राहणारा. पहिल्याने तारेला इजा न करता ती धरायची असते, दुसऱ्याने वर्षानुवर्षं न सरकता बसायचं असतं. एकाची परीक्षा दुसऱ्याला लावली की निवड चुकते.

“दात जितके तीक्ष्ण, तितकी पकड चांगली”

पकड लागते हे खरं, पण तारेचं आयुष्य तिच्या जस्ताच्या थरावर असतं. एका चौरस मीटरवर 100 ग्रॅम जस्त असेल तर त्या थराची जाडी जेमतेम 14 मायक्रॉन भरते, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा कितीतरी कमी. 250 ग्रॅमचा भारी थरही 35 मायक्रॉनच्या आसपास असतो. दातेरी जबड्याने एकदा करकचून धरलं की हा थर फाटून दात खालच्या पोलादात उतरतो. पहिल्या पावसाळ्यात तिथे तांबूस डाग दिसतो. साध्या मऊ तारेला त्यामुळे गंज चढतो, एवढंच. पण हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणाऱ्या कडक तारेला खाच पडली तर सगळा ताण त्या खाचेच्या टोकाशी गोळा होतो आणि तार तिथेच तुटते. तक्रार मात्र अशी येते की “तारच हलकी दिली”.

एकेरी गुळगुळीत तारेसाठी म्हणून लांबट, समांतर जबड्याचा क्लॅम्प घ्यावा. तो तारेला एका टोकात चावत नाही, दोन-तीन इंच लांबीवर दाबून धरतो. पाचरीच्या धर्तीवरचा असला तर जसजसं ओढाल तसतशी त्याची पकड आपोआप वाढते, त्यामुळे सुरुवातीला हातोड्याने ठोकायची गरजच पडत नाही. काटेरी तारेचं गणित वेगळं आहे. तिथे दोन तारा पिळलेल्या असतात, गुळगुळीत जबडा त्यांच्यावरून घसरतो, म्हणून थोडे दात लागतातच. पण पकड टोकाच्या वीतभर भागावर द्यायची आणि तार बांधून झाली की तो तुकडा कापून टाकायचा. जखम कुंपणात राहू द्यायची नाही, एवढाच त्याचा अर्थ.

“लाइनमनचा क्लॅम्प मिळाला की कुठलीही तार ओढता येते”

हा समज गावोगाव आहे, कारण तो क्लॅम्प दणकट दिसतो आणि ओळखीने मागून आणता येतो. पण तो बनलेला असतो विजेच्या लाइनसाठी. तिथल्या ‘वीझल’ नावाच्या तारेची जाडी 7.77 मिलिमीटर, ‘रॅबिट’ची 10.05 मिलिमीटर. आपल्या कुंपणाची 12 गेजची तार 2.64 मिलिमीटरची, 14 गेजची 2.03 मिलिमीटरची. रॅबिटसाठी कोरलेल्या खोबणीत 14 गेजची तार लोळत राहते. मग गडी मध्ये खिळा नाहीतर पत्र्याचा तुकडा कोंबतात. खिळा निसटला की ताणलेली तार उलटी येते, आणि ती डोळ्याच्या उंचीवर येते.

क्लॅम्पवर किंवा त्याच्या डब्यावर तो किती ते किती मिलिमीटरच्या तारेसाठी आहे हे लिहिलेलं असतं. तेच पाहून घ्यायचं. गेजबद्दल एक धांदल नेहमीची: आकडा वाढला की तार बारीक होते. 12 आणि 14 मध्ये फरक दोनाचाच वाटतो, पण 12 गेजच्या तारेचं पोलाद 14 च्या जवळजवळ पावणेदोन पट भरतं, ताकदही त्याच प्रमाणात. दुकानात तार वजनावर मिळते, म्हणून 14 गेजचं बंडल त्याच पैशात जास्त लांब निघतं आणि हात तिकडे वळतो.

“जितकी ताणली, तितकी पक्की”

इथे जरा थांबू, कारण निम्मी कुंपणं याच समजाने वाया जातात.

मऊ तार एका हद्दीपर्यंत ताणली तर सोडल्यावर परत येते. हद्द ओलांडली की ती कायमची लांबते. ट्रॅक्टरच्या हुकाला बांधून ओढताना ही हद्द कधी गेली ते चालकाला कळतच नाही. इंजिनाला तारेचा ताण हाताला लागावा तसा लागत नाही. आठ दिवसांनी तीच तार लोंबते आणि क्लॅम्प घसरला असं वाटतं. क्लॅम्प जागेवरच असतो, तार मेलेली असते.

त्यात आपलं हवामान. परभणीत मे महिन्यात पारा 42–43 च्या पुढे जातो आणि थंडीत पहाटे 8–10 अंशांवर येतो. पोलाद दर अंशाला लांबीच्या दहा लाखांत सुमारे बारा भाग आकसतं. 34 अंशांचा फरक धरला तर 100 मीटर तार चार सेंटिमीटरने आकसायला बघते. दोन्ही टोकं पक्की असल्यामुळे ती आकसू शकत नाही, ताण मात्र वाढतो. 12 गेजच्या एकेरी तारेत ही वाढ सुमारे 45 किलोची होते. गंमत म्हणजे तार 50 मीटरची असो की 500 ची, वाढ तेवढीच. मेच्या दुपारी कडक ताणलेली तार डिसेंबरात कोपऱ्याच्या खांबाला ओढून काढते ती अशी. उलट, डिसेंबरच्या पहाटे 45 किलोवर ताणलेली तार मेमध्ये जवळपास मोकळी पडते. म्हणून ताणायची वेळ सकाळची, ना फार गारठ्याची ना उन्हाची, आणि प्रत्येक तारेला टर्नबकल किंवा ताण बदलता येईल असा स्ट्रेनर ठेवायचा. वर्षातून दोनदा पाना फिरवायला पाच मिनिटं लागतात.

“जाळी मधोमध हुक लावून ओढली तरी चालते”

चेनलिंक असो की आडव्या-उभ्या तारांची गाठीची जाळी, एका जागी धरून ओढली की तेवढाच भाग पुढे येतो, वरची-खालची तार मागे राहते आणि जाळी तिरपी होते. तिच्यासाठी उंचीएवढी ताणपट्टी लागते: दोन पट्ट्या, मध्ये जाळी, बोल्टने आवळलेल्या, म्हणजे सगळ्या आडव्या तारा एकदम धरल्या जातात. विकत नाही मिळाली तर गावातला वेल्डर अँगलची करून देतो. बाभळीच्या दोन फळ्यांना भोकं पाडून केलेलीही चालते, आणि लाकूड तारेचं जस्त खात नाही हा फायदाच. पट्टीला वर एक आणि खाली एक अशा दोन चेनपुल्या लावायच्या आणि आळीपाळीने थोडंथोडं ओढायचं.

कुठे थांबायचं हे जाळीच सांगते. गाठीच्या जाळीच्या आडव्या तारांना कारखान्यातच बारीक मुरड दिलेली असते. ती एक तृतीयांश ते निम्मी सरळ झाली की पुरे. पूर्ण सरळ केलीत तर जनावर धडकल्यावर देण्यासाठी तारेत काहीच उरत नाही, थंडीत आकसायलाही जागा राहत नाही. चेनलिंकला तर मुळात फार ओढायचंच नसतं. जास्त ओढली की चौकटी लांबट होतात आणि पाच फुटांची जाळी साडेचार फुटांची होते.

“यू क्लॅम्प कसाही लावला तरी आवळला की बसतो”

हा क्लॅम्प अनेक धाग्यांच्या वायर रोपसाठी आहे. त्याचं बूड लांब, ताण घेणाऱ्या दोराकडे आणि यू-बोल्ट आखूड शेपटाकडे. उलटा लावला तर यू-बोल्ट मुख्य दोरालाच चेपतो. एका फासाला कमीत कमी तीन क्लॅम्प हवेत. एकेरी घट्ट तारेवर तो लावूच नये, ती चपटी होते. मऊ तारेचं टोक खांबाला वेढा देऊन स्वतःभोवती गुंडाळलं तरी पुरतं. कडक तारेला दाबून बसवायची नळी किंवा तार एकाच दिशेने आत जाऊ देणारा छोटा लॉक क्लॅम्प हवा. अशा क्लॅम्पचा जगभर माहीत झालेला नमुना इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या ह्यू फेसींनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस आणला. तार ओढणं आणि धरून ठेवणं ही दोन्ही कामं तो एकटा करतो. त्याचेही तारेच्या जाडीनुसार वेगवेगळे आकार आहेत.

“क्लॅम्प चांगला असला की खांब कसाही चालतो”

एका तारेवर 80 किलो ताण धरला तर पाच तारांचे 400 किलो कोपऱ्याच्या एका खांबाला रात्रंदिवस आडवं ओढत असतात. क्लॅम्प हा भार फक्त पुढे देतो, सोसतो तो खांब आणि खांबाखालची जमीन. आणि परभणीची जमीन ही सोसणारी नव्हे.

गोदावरी, पूर्णा आणि दुधनाकाठची आपली खोल काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्या भेगांत कोपरापर्यंत हात जातो. दीड फूट खड्ड्यात वरवर काँक्रीट ओतलेला खांब दर पावसाळ्यात थोडा उचलला जातो, दर उन्हाळ्यात त्याच्याभोवती फट पडते. ताणलेली तार त्याला हळूहळू आत झुकवते. पोट आलेल्या जाळीची खरी गोष्ट ही, तिचा क्लॅम्पशी काही संबंध नाही. कोपऱ्याचा खांब लांबीच्या एक तृतीयांश तरी जमिनीत हवा, खड्डा वर रुंद नव्हे तर तळाशी रुंद हवा, आणि तारेच्या दिशेने तिरपा टेकू हवाच. जिंतूरकडच्या किंवा गंगाखेडच्या दक्षिणेकडच्या माळरानावर, जिथे हातभर खाली मुरूम लागतो, तिथे तोच खांब कमी खोलीत उभा राहतो. पण पहार चालवणारा घाम काढतो म्हणून तिथे खोली चोरली जाते, हा भाग वेगळा.

आणखी एक. तार खांबाच्या कुठल्या बाजूला बांधायची? जिकडून जनावर रेटा देणार त्या बाजूला. गोठ्यामागच्या वाड्यात लाल कंधारी बैल किंवा शेळ्या ठेवायच्या असतील तर आतून. पण शेताचं कुंपण बहुधा रानडुक्कर, रोही, हरणं बाहेर ठेवायला असतं, तेव्हा बाहेरून. म्हणजे धक्का बसला की तार खांबावर दाबली जाते, बांधणीतून उपटली जात नाही. डुक्कर सहसा उडी मारत नाही, मुसकट घालून खालून उचलतं. म्हणून सगळ्यात खालची तार जमिनीलगत हवी आणि दोन खांबांच्या मध्ये खुंटी ठोकून धरलेली हवी. वर कितीही ताणलंत तरी त्याला काही फरक पडत नाही.

“झटक्याच्या तारेलाही हेच सगळं लागू”

नाही. सौर झटका मशीनची तार जनावराला अडवत नाही, घाबरवते. ती लोंबू नये एवढा ताण पुरतो, ओढणारा क्लॅम्प हलका चालतो, पण टोकाला इन्सुलेटर दणकट हवा. जोडणीला तांब्याची तार वापरू नये. तांबं आणि जस्त ओल्यात एकत्र आले की जस्त झपाट्याने खाल्लं जातं. काटेरी तारेत झटका सोडायचा नाही, कारण अडकलेल्या जिवाला तिथून सुटता येत नाही. आणि मोटारीच्या स्टार्टरवरून तारेत थेट वीज सोडणं हे कुंपण नव्हेच. तो गुन्हा आहे, आणि त्या तारेला रात्री पाणी द्यायला गेलेल्या घरच्याच माणसाचा हात लागतो.