अकोला : कापूस, डाळ आणि ऊन

मॅगझीनसाठी ‘एका औद्योगिक शहराची ओळख’ लिहायचं ठरलं तेव्हा माझ्या रूममेटने ब्राझीलचं साओ पावलो घेतलं. कॉफीच्या पैशावर वाढलेलं शहर. मी म्हटलं, मग कापसावर वाढलेलं आपलं अकोला काय वाईट? अमरावतीहून एस.टी.त बसायचं, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, की आलं!

१८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. पाठोपाठ भुसावळ-नागपूर रेल्वे अकोल्यावरून गेली. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी शकुंतला (बिचारी आता बंद आहे) तीसुद्धा कापूस वाहण्यासाठीच टाकलेली. अकोल्याची सावतराम मिल १९७४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली, पुढे तिचाही भोंगा थांबला. जिनिंग मात्र चालू आहे. हिशोब सोपा आहे : एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, गाठ असते १७० किलोची, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस. उरलेल्या सरकीचं तेल आणि ढेप.

आज एम.आय.डी.सी.त शिरलं की पहिला वास येतो तो तुरीचा. माझे मामा एका दालमिलमध्ये मिस्त्री आहेत, त्यामुळे सुट्टीत मी तिथेच पडीक. तुरीचं टरफल फार चिवट. आधी एमरीच्या रोलरवर दाण्याला ओरखडे पाडतात, मग तेलाचा हात देतात, पाणी शिंपडतात आणि वाळवतात. त्यानंतरच टरफल सुटतं आणि दाण्याची दोन फाकं होतात. शंभर किलो तुरीची ७०-७५ किलो डाळ हाती येते. चुनी आणि भुसा ढोरांना.

वाळवायला लागतं ऊन. मे महिन्यात ४५ अंशाच्या वर गेलेला जो पारा पाहून आपण घाम पुसतो, तो ज्या मिलमध्ये अजून अंगणातच माल वाळतो तिथे फुकटचा ड्रायर आहे! आभाळ आलं की धावपळ, आणि झड लागली तर रोजीवाल्या बायांचा रोज बुडतो. आमच्या हीट ट्रान्सफरच्या पेपरात हा प्रश्न कधी आला नाही.

आजूबाजूला पारसचं औष्णिक वीज केंद्र (२५० मेगावॅटचे दोन संच), १९६९ चं कृषी विद्यापीठ. पण खरी अडचण पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा. बोअर मारली तर खारं पाणी लागतं. शहराची तहान महानच्या काटेपूर्णा धरणावर, आणि पाऊस कमी पडला की कारखान्यांच्या पाण्यावर आधी गदा.

मागच्या दिवाळीत रोलरचं बेअरिंग गेलं. मामा आणि मी रात्री दोनपर्यंत बसलो. हात पुसता पुसता मामा म्हणाले, “काबे बाबू, तुमी सारे पुन्याले जासान तं इथलं मशीन कोन पाहीन?”

माझा पुण्याच्या कंपनीचा इंटरव्ह्यू पुढच्या आठवड्यात होता. मी म्हटलं, “मामा, ग्रीस कुठे ठेवलं?”

रोलर सकाळी सहाला चालू झाला. इंटरव्ह्यूला मी गेलो. निकाल अजून यायचा आहे, आणि खरं सांगू, कोणता निकाल हवा हे अजून माझंच ठरत नाहीये.