कुंपणाची बॅटरी हाताळताना
ताडोबालगतच्या गावांत रानडुकरांपासून पीक वाचवायला सौरकुंपण आले आणि झटका मशीनसोबत १२ व्होल्टची बॅटरीही शेतात आली. १२ व्होल्टचा सहसा शॉक बसत नाही, म्हणून तिला कोणी भीत नाही. पण पाना दोन्ही टोकांना एकदम टेकला, तर क्षणात शेकडो अँपिअर वाहतात. मध्ये आलेली अंगठी तापून बोट खोलवर भाजते. चार्जिंगवेळी निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटला, तर बॅटरी फुटून ॲसिड थेट डोळ्यांत. मशीन बंद करा, अंगठी-कडे उतरवा, पान्याच्या दांड्यावर सायकलची जुनी ट्यूब चढवा. जोडताना लाल वायर आधी, सोडवताना काळी. ॲसिड तालुक्याचा दवाखाना येईपर्यंत थांबत नाही. डोळे तिथेच स्वच्छ पाण्याने सलग २० मिनिटे धुवा, मगच निघा.