साच्याआधीचा साचा

सकाळी 9
संगणक सुरू होताच आधी पॉइंट क्लाउड, म्हणजे लेझर-मोजणीच्या ठिपक्यांची फाइल, उघडते. मुंबईच्या फोर्ट भागातल्या एका जुन्या इमारतीची दर्शनी भिंत लेझरने मोजलेली आहे. तळमजल्यावर कमानींची ओळ, वर तीन भागांच्या खिडक्या, सर्वांत वर जाड कॉर्निस, म्हणजे भिंतीबाहेर आलेला कंगोऱ्यांचा पट्टा. पडझड झालेला गिलावा पुन्हा होता तसा करायचा आहे आणि त्यासाठी रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये संपूर्ण भिंत उभी करायची आहे.

पहिला तास मी नक्षीला हातच लावत नाही. फक्त पातळ्या शोधते: जोतं, खांबाचा पाया, खांबाचं शीर्ष, त्यावरचा पट्टा. इटलीच्या व्हिन्योलाने 1562 साली स्तंभरचनांचे नियम पुस्तकात मांडले. त्याच्या हिशोबात खांब चार भाग उंच असेल, तर त्यावरचा सगळा पट्टा एक भाग. म्हणजे 3600 मिलिमीटरच्या खांबावर 900 मिलिमीटरचा. स्कॅन या हिशोबाशी कुठे जुळतो आणि कुठे नाही, हे कळलं की बांधणाऱ्याने मुद्दाम काय बदललं ते दिसू लागतं.

सकाळी 10.30
भिंत. साधी भिंत काढून तिच्यावर नक्षीचे सुटे तुकडे चिकटवण्याची सवय पुष्कळांना असते. नकाशात ते खपून जातं, पण भिंत थोडी सरकली की कॉर्निस हवेत लटकतं. म्हणून मी आडवे पट्टे भिंतीच्या रचनेतच ‘स्वीप’ म्हणून घालते. मग ते भिंतीबरोबर सरकतात, कोपऱ्यावर नीट वळतात, खिडकी आली की तिथे तुटतात.

सकाळी 11
दिवसातलं खरं काम हे. स्वीपला लागतो एक उभा छेद, म्हणजे प्रोफाइल. फुगीर गोलाई, आत गेलेली खोलगट गोलाई, दोन्ही एकत्र आलेला नागमोडी कंगोरा, आणि प्रत्येकाच्या मध्ये एक अरुंद सपाट पट्टी. ही पट्टी फार लोक गाळतात. तिच्यामुळेच एका गोलाईची सावली संपते आणि दुसरीचा उजेड सुरू होतो. ती गाळली, तर महागडं कॉर्निस लांबून नुसती सुजलेली कड दिसतं.

रेव्हिट सुमारे 0.8 मिलिमीटरपेक्षा लहान रेष स्वीकारत नाही आणि प्रोफाइलची रेघ पूर्ण बंद लागते. त्यामुळे स्कॅनचे ठिपके जसेच्या तसे गिरवून चालत नाही. तसं करूही नये, कारण स्कॅनला दिसतो तो वर्षानुवर्षं चढलेला रंग. खरी कड त्याखाली आहे. परांचीवर चढून, रंग खरवडलेल्या जागी कंगव्यासारख्या दातांचा प्रोफाइल गेज दाबून घेतलेला आकार माझ्या टेबलावर आहे. मी विश्वास ठेवते तो त्यावर.

कॉर्निसच्या बाहेर आलेल्या भागाखाली एक बारीक खाच असते. पावसाचं पाणी मागे भिंतीकडे न वळता तिथेच तुटून खाली पडावं म्हणून. मुंबईच्या पावसात खिडक्या वाचतात त्या या खाचेमुळे. प्रोफाइलमध्ये ती आधी काढते, शोभा नंतर.

दुपारी 2
जेवण उरकून खिडकीकडे. मधे कमान, दोन बाजूंना सपाट माथ्याचे अरुंद भाग. नव्याने रुजू झालेला सहकारी विचारतो, “मॅडम, सगळ्यांना एकच फॅमिली लावू? रुंदीत थोडाथोडाच फरक आहे.” फॅमिली म्हणजे रेव्हिटमधला मापं बदलता येणारा तयार घटक.

“एकच लाव, पण कमानीची रुंदी बांधून ठेव. फरक बाजूच्या भागांना घेऊ दे.”

ही युक्ती माझी नव्हे. इटलीतल्या विचेंझाच्या बॅसिलिकाभोवती वास्तुकार पॅलाडिओने नवी दगडी कमानदार गॅलरी योजली. काम 1549 मध्ये सुरू झालं आणि त्याच्या मृत्यूनंतर संपलं. आतली जुनी इमारत वेडीवाकडी, गाळ्यांची रुंदी असमान. त्याने कमानी सारख्या ठेवल्या आणि बाजूच्या फटी कमी-जास्त केल्या. पाहणाऱ्याला सगळं समान वाटतं. आज तेच आम्ही सूत्रात लिहितो: एकूण रुंदीतून कमान आणि दोन्ही खांब वजा, उरलं त्याचं निम्मं एकेका बाजूला.

दुपारी 4.30
साइटवरून गवंडी मामांचा फोन. “ताई, साचा कधी येतोय? चुना मळून ठेवलाय.”

मामा पत्र्याचा कापलेला साचा लाकडी पट्टीच्या आधाराने ओल्या गिलाव्यावरून ओढत नेतात आणि कंगोरे उमटत जातात. सॉफ्टवेअरमधला स्वीप म्हणजे हीच क्रिया. म्हणून माझं प्रोफाइल एक मिलिमीटर चुकलं तर ते अख्ख्या भिंतीभर चुकतं.

सायंकाळी 5.30
डिसेंबरातल्या दुपारचा सूर्य लावून सावल्या तपासते. मुंबईत तेव्हा तो 47-48 अंशांवर असतो. कॉर्निसची सावली खिडकीच्या माथ्याशी कुठे पोचते, ते जुन्या छायाचित्राशी ताडून बघते.

खांबांच्या शीर्षावरची पानं मी मॉडेल करत नाही. तिथे साधा ठोकळा, क्रमांक आणि छायाचित्र. ती पानं कारागीर हातानेच घडवणार. हजारो त्रिकोणांनी फाइल जड करून त्याला काहीच मदत होत नाही.

सायंकाळी 6.30
प्रोफाइल पूर्ण मापात छापते. कागदावर 100 मिलिमीटरची रेघ ठेवलेली असते. ती पट्टीने मोजून बरोबर भरली तरच कागद पत्रा कापणाऱ्याकडे जातो. जुन्या इमारतींची मॉडेलं करणाऱ्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे: पहिलं प्रोफाइल काढण्याआधी एकदा परांचीवर चढा आणि त्या कंगोऱ्यावरून स्वतःचा हात फिरवा.